आज्ञाभंग, क्षमा आणि फळ

निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सीनाय पर्वतावरील दहा आज्ञा येतात, आणि पहिली आज्ञा उच्चारण्यापूर्वी परमेश्वर इस्राएल लोकांना एका गोष्टीची आठवण करून देतो : मिसर देशातील गुलामगिरीतून त्यांची सुटका त्यानेच केली आहे. आज्ञाभंगाचे परिणाम ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे काय होतात, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने या लहानशा प्रस्तावनेपाशी अंमळ थांबावे, कारण पुढील सारा विचार तिच्यावर उभारलेला आहे. सुटका आधी झाली आणि आज्ञा मागाहून आल्या. सुटलेल्या लोकांनी आपल्या मुक्तिदात्याशी व एकमेकांशी कसे वागावे याचा तो करार होय. आणि ज्याने उपकार केला त्याच्याशीच करार असल्यामुळे त्याचा भंग केवळ नियमभंग न राहता बेइमानी ठरतो. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लिहिलेल्या लहान धर्मबोधात दहा आज्ञा अगदी आरंभी येतात, आपण कोठे चुकलो हे वाचणाऱ्यास प्रथम उमगावे म्हणून; उलट १५६३ सालच्या हायडेलबर्ग धर्मबोधात मनुष्याची दुर्दशा, त्याचा उद्धार आणि त्याने बाळगावयाची कृतज्ञता असे तीन भाग पाडून आज्ञांचे विवरण तिसऱ्या भागात, म्हणजे कृतज्ञतेच्या सदराखाली, घातले आहे. दोन्ही क्रमांना आपापली संगती आहे. परंतु निर्गमातील त्या प्रस्तावनेशी दुसरा क्रम अधिक जुळतो, असे माझे मत आहे.

या आज्ञांची मोजणीसुद्धा सर्व मंडळ्यांत एकसारखी नाही. वसईच्या कॅथलिक घरातील मूल खुनाची मनाई करणारी आज्ञा पाचवी म्हणून पाठ करते, तर अहमदनगरच्या प्रॉटेस्टंट घरातील मूल तीच सहावी म्हणून. कारण कॅथलिक परंपरा बिशप ऑगस्टीनची विभागणी मानते आणि मूर्तिपूजेचा निषेध पहिल्याच आज्ञेत सामावून घेते. आज्ञा त्याच, क्रम निराळा, एवढाच काय तो भेद.

प्राचीन पश्चिम आशियात अशा प्रकारचे करार सम्राट आणि मांडलिक यांच्यात होत असत, व करार मोडणाऱ्याचे काय होईल हे त्यात स्पष्ट लिहिलेले असे. अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इ. स. पूर्व ६७२ मध्ये, आपल्या पश्चात राजपुत्र अशुरबनिपाल यालाच धनी मानू, अशी शपथ आपल्या मांडलिकांकडून वाहवून घेतली. त्या तहनाम्याच्या मातीच्या पाट्या १९५५ साली इराकातील निमरूद येथील उत्खननात सापडल्या आणि १९५८ साली डोनल्ड वाइझमन या पंडिताने त्या प्रसिद्ध केल्या. बेइमान मांडलिकावर देवतांनी कोणकोणती संकटे आणावीत याची लांबलचक यादी त्यांत आहे : आकाश काशाचे आणि भूमी लोखंडाची व्हावी, पावसाचा थेंब पडू नये, वेढ्यात सापडलेल्यांवर पोटच्या पोरांचे मांस खाण्याची पाळी यावी. मोशेच्या नावावर असलेल्या अनुवाद या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय ज्याने वाचला असेल त्याला ही भाषा ओळखीची वाटेल. त्या अध्यायात ६८ वचने आहेत; पहिली १४ आज्ञापालनाच्या आशीर्वादांची आणि उरलेली ५४ आज्ञाभंगाच्या शापांची. त्याच्या आधीच्या अध्यायात अर्धे वंश गरिज्जीम डोंगरावर व अर्धे एबाल डोंगरावर उभे करून, लेव्यांनी एकेक शाप उच्चारावा व सर्वांनी ‘आमेन’ म्हणावे, असा विधी सांगितला आहे. शापांची ही संख्या पाहून वाचक दचकतो, आणि दचकणे स्वाभाविकही आहे. मात्र हे शाप कोणावर आहेत तेही पाहिले पाहिजे. अश्शूरच्या तहनाम्यात सम्राटाला स्वतःचे तख्त व वारस यांची काळजी आहे. एबाल डोंगरावरचे शाप शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्यावर, आंधळ्याला वाट चुकविणाऱ्यावर, आणि परका, अनाथ व विधवा यांचा न्याय बिघडविणाऱ्यावर आहेत. साचा दरबारी तहनाम्यांचा असला तरी त्यात ओतलेली वस्तू अगदी निराळी आहे.

परंतु आज्ञाभंगाचा मूळ वृत्तान्त सीनायच्या कितीतरी आधीचा, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातला आहे, आणि तो अनेकांना माहीत असूनही सावकाश वाचलेला फार थोड्यांनी असतो. एदेन बागेतील एका झाडाचे फळ खाऊ नये, एवढी एकच मनाई. ते फळ सफरचंदाचे होते असे मूळ ग्रंथात कोठेही म्हटलेले नाही. सर्पाच्या सांगण्यावरून हव्वा फळ खाते, आदाम तिच्या हातून घेऊन खातो, आणि मग काय घडते? आकाश कडाडत नाही, वीज पडत नाही. त्या दोघांना आपण नग्न आहो याची लाज वाटू लागते; ती अंजिराची पाने जोडून अंग झाकतात; संध्याकाळच्या वाऱ्यात परमेश्वराची चाहूल लागताच, ज्याच्या सहवासात आजवर राहिली त्याच्यापासूनच झाडांआड लपतात; आणि विचारणा होताच आदाम बायकोकडे व बायको सर्पाकडे बोट दाखविते. जमिनीला शाप, घामाची भाकर, प्रसूतीच्या वेदना, बागेतून हद्दपारी, हे सारे निकालपत्र त्यानंतर वाचले जाते. म्हणजे शिक्षा जाहीर होण्यापूर्वीच परिणाम घडून चुकले आहेत. देव आणि मनुष्य, पती आणि पत्नी, मनुष्य आणि त्याचे स्वतःचे शरीर, या तीनही ठिकाणी भेग पडली आहे, व ती कोणी बाहेरून पाडलेली नाही. फळ खाशील त्याच दिवशी मरशील, असा इशारा दिलेला असताना आदाम पुढे ९३० वर्षे जगला, हे याच पुस्तकात नमूद आहे, आणि या विसंगतीवर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ऑगस्टीनचे उत्तर असे की, शरीर जसे आत्म्याने सोडले की मरते, तसा आत्मा देवाने सोडला की मरतो, आणि तो मृत्यू त्याच दिवशी झाला. याच अध्यायात, निकाल दिल्यानंतर, परमेश्वर स्वतः त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करून त्यांच्या अंगावर घालतो. हद्दपार करणाराच थंडीवाऱ्याची तजवीज करतो, हा बारकावा ख्रिस्ती विचाराच्या पुढील सर्व विस्तारात पुन:पुन्हा प्रत्ययास येतो.

आज्ञाभंगावरील प्रवचनांत बहुधा शौल राजाचा दाखला देतात. अमालेकी लोकांचे सर्वस्व नष्ट करण्याची आज्ञा असता त्याने त्यांच्या राजाला जिवंत ठेवले आणि निवडक मेंढरे राखली. शमुवेल संदेष्टा आला तेव्हा मेंढरांच्या बेंबाटण्यानेच त्याचा खोटेपणा उघड झाला, आणि त्याचे राज्य गेले. वृत्तान्त प्रभावी आहे, पण त्यातील मूळ आज्ञाच बायकामुलांसह एका जमातीचा संहार करण्याची असल्याने आजच्या सदसद्विवेकाला ती पेलवत नाही, आणि ओरिजेनसारख्या तिसऱ्या शतकातील पंडितानेही जुन्या करारातील अशा युद्धांचा अर्थ अंतःकरणातील विकारांशी झुंज असा लावला आहे. यास्तव शौलाला बाजूस ठेवून मी दावीद राजाकडे वळतो. त्याने मोडलेल्या आज्ञांबद्दल कोणाचेही दुमत होणार नाही.

वसंत ऋतू, म्हणजे राजांनी मोहिमेवर निघण्याचा काळ. दावीदाची फौज सेनापती यवाबाच्या हाताखाली अम्मोनी लोकांच्या राब्बा शहराला वेढा देऊन बसलेली आहे आणि राजा स्वतः यरुशलेमेत राहिला आहे. संध्याकाळी वाड्याच्या गच्चीवर फिरत असता त्याला एक स्त्री स्नान करताना दिसते. चौकशी केल्यावर कळते की ती बथशेबा, एलियामाची कन्या आणि उरीया हित्ती या आपल्याच सैनिकाची पत्नी. राजा तिला बोलावून घेतो. ती गरोदर राहते, तेव्हा उरीयाला रणांगणावरून बोलावून, ख्यालीखुशाली विचारून, घरी जाऊन विश्रांती घेण्यास सांगण्यात येते. पण कराराचा कोश व सारी फौज राहुट्यांत असता आपण घरी जाऊन सुख कसे भोगावे, असे म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांत निजतो. दुसऱ्या रात्री राजा त्याला मद्य पाजतो, तरी तो घरी जात नाही. मग दावीद यवाबाला एक खलिता लिहितो : उरीयाला तुंबळ युद्धाच्या आघाडीस ठेवावे आणि सर्वांनी मागे हटावे, म्हणजे तो मारला जाईल. हा खलिता तो उरीयाच्याच हाती देतो. तो निष्ठावंत शिपाई आपल्याच मरणाचा हुकूम कमरेस बांधून वेढ्याकडे चालत जातो, आणि हुकुमाची तामिली होते. दुसऱ्याच्या पत्नीचा लोभ, व्यभिचार, कपट आणि अखेर खून : एका आज्ञेचा भंग झाकण्यासाठी दुसरी मोडली, दुसरीचा झाकण्यासाठी तिसरी.

नाथान नावाचा संदेष्टा दरबारात येतो तो फिर्याद घेऊन. एका श्रीमंताजवळ मेंढरांचे कळप होते, तरी घरी पाहुणा आला तेव्हा त्याने गरीब शेजाऱ्याची, लेकीसारखी वाढविलेली एकुलती एक मेंढी हिसकावून कापली. दावीद संतापून निकाल देतो, की तो मनुष्य मरणास पात्र आहे आणि त्याने मेंढीची चौपट भरपाई करावी. तो मनुष्य तूच, असे नाथान सांगतो, आणि दावीदाच्या श्रेष्ठत्वाची खूण म्हणजे तो संदेष्ट्याला कैद करीत नाही, सबबी सांगत नाही, आपले पाप एका वाक्यात कबूल करतो. तितक्याच थोडक्यात नाथान उत्तर देतो : परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. मात्र लगेच पुढे एक गोष्ट तो जोडतो : जन्मलेले मूल जगणार नाही. तुझ्या घरावरून तलवार कधीही दूर होणार नाही, हे तर त्याने कबुलीपूर्वीच सांगितले होते.

क्षमा आणि परिणाम एकाच श्वासात उच्चारले गेले, हे या प्रसंगाचे मर्म आहे, आणि पुढील अध्यायांत परिणाम ज्या रीतीने येतात ती रीत मला फार अर्थपूर्ण वाटते. थोरला राजपुत्र अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. दावीद फार रागावतो, एवढेच ग्रंथकार लिहितो. रागापलीकडे राजा काहीही करीत नाही. गच्चीवरून दिसलेल्या परस्त्रीला सत्तेच्या बळावर आणविणाऱ्या बापाने मुलाला कोणत्या तोंडाने जाब विचारावा? न्याय होत नाही म्हणून तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे मनात डूख धरून मेंढरांच्या लोकरकातरणीच्या मेजवानीत अम्नोनाचा खून करवितो. पुढे हाच अबशालोम हेब्रोनात बंड उभारतो, आणि दावीदाला डोके झाकून, अनवाणी, रडत जैतुनांच्या डोंगराची चढण चढून राजधानी सोडावी लागते. बंडखोरांच्या मसलतीत अहिथोफेल हा दावीदाचाच विश्वासू मंत्री आहे. दावीदाच्या वीरांच्या यादीत अहिथोफेलाचा मुलगा एलियाम याचे नाव येते, आणि बथशेबेच्या बापाचे नावही एलियाम होते. हे दोघे एकच असतील तर आजोबाने नातीच्या अब्रूचा हिशेब चुकता केला, असे अनुमान कित्येक टीकाकारांनी केले आहे. अनुमानच ते, पण त्याच अहिथोफेलाच्या सल्ल्याने अबशालोम राजवाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून बापाच्या उपपत्नींना भ्रष्ट करतो, हे मात्र ग्रंथात स्पष्ट आहे.

आणि मग यवाब. हा सरदार मुळातच शिरजोर होता. शौलाचा सेनापती अबनेर याचा खून त्याने पूर्वीच केला होता व दावीद त्याचे काही वाकडे करू शकला नव्हता. आता त्याच्यापाशी राजाचा खलिता आहे. ज्या सेनापतीला धन्याने एकदा बेकायदा हुकूम लिहून पाठविला, त्याच्यावर त्या धन्याचा खरा हुकूम पुन्हा कसा चालावा? एफ्राइमाच्या रानातील लढाईपूर्वी राजा सर्व फौजेच्या देखत बजावतो, की माझ्यासाठी त्या तरुण अबशालोमाला सांभाळा. ओकाच्या फांद्यांत डोके अडकून लोंबकळणाऱ्या अबशालोमाच्या छातीत यवाब तीन भाले खुपसतो, आणि दावीदाने वेशीवरच्या माडीत केलेला विलाप हा जगाच्या वाङ्मयातील पितृशोकाच्या अत्यंत हृदयद्रावक प्रसंगांपैकी एक आहे. मरणशय्येवर दावीद आपला पुत्र शलमोन याला यवाबाच्या अपराधांची आठवण देतो, त्या यादीत अबनेर आहे, यवाबाने मारलेला दुसरा सरदार अमासा आहे, उरीया नाही.

यहुदी तालमुदात दावीदाने स्वतःच ठरविलेल्या चौपट भरपाईची मोजदाद केली आहे : ते अर्भक, अम्नोन, तामार आणि अबशालोम. या साऱ्या मालिकेत, अर्भकाचा मृत्यू सोडल्यास, आकाशातून काहीच कोसळत नाही. प्रत्येक आघात दावीदाच्या कृत्याने मोकळ्या केलेल्या वाटेनेच चालत येतो. ख्रिस्ती शिकवण आज्ञाभंगाच्या परिणामांबद्दल जे सांगू पाहते त्याचा गाभा येथे आहे, असे मी समजतो : दोष पुसला जाऊ शकतो, संबंध पुन्हा जुळू शकतो, परंतु कृत्य जगात सोडले गेले की ते इतरांच्या आयुष्यांतून वाट काढीत राहते.

अर्भकाचा मृत्यू मात्र मला सहज ओलांडून जाता येत नाही. बापाच्या पापासाठी निष्पाप जीव का जावा, या प्रश्नाचे समाधान करणारे उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. सोळाव्या शतकात या प्रसंगावर मोठा वाद झाला, तो मात्र अर्भकाविषयी नव्हे, दावीदाच्या शिक्षेविषयी. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराविषयी निर्णय देताना असे ठरविले, की दोषाची क्षमा झाली म्हणजे सर्व शिक्षा नेहमीच माफ होते असे नाही. काही ऐहिक दंड उरतो आणि तो प्रार्थना, उपवास, दानधर्म यांनी फेडावयाचा असतो. कॅथलिक पंडित यासाठी दावीदाचाच आधार देत. उलट प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनने असा भेद केला, की सूड म्हणून दिलेली शिक्षा वेगळी आणि बापाने मुलाला लावलेली शिस्त वेगळी. ज्याला क्षमा झाली त्याच्यावर येणारे दुःख हे राहिलेले कर्ज वसूल करण्यासाठी नसून त्याला पुढे सावध करण्यासाठी असते. दोन्ही पक्षांत पुष्कळ तथ्य आहे. क्षमेनंतरही परिणाम उरतात, हे दोघांनाही मान्य होते. वाद उरलेल्या परिणामांच्या प्रयोजनाविषयी होता.

व्यक्तीबद्दल जे खरे तेच राष्ट्राबद्दलही जुन्या कराराने सांगितले. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या हाती पडली आणि इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जाळले. राजे या पुस्तकाच्या लेखकाने दोन्ही घटनांचे कारण करारभंग हेच दिले आहे. बाबेलच्या बंदिवासात असलेल्या लोकांत, आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, अशी एक कडवट म्हण रूढ झाली होती. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात ती म्हण मोडून काढली : ज्याने पाप केले तोच त्याचा जबाबदार, आणि दुर्जन जर मागे फिरला तर त्याचे पूर्वीचे काहीही त्याच्यावर धरले जाणार नाही. परिणाम पिढ्यानुपिढ्या चालतात, पण दोष वारशाने चालत नाही, हा विवेक या बंदिवासातच स्पष्ट झाला.

आता ज्या मुद्द्यावर सामान्य धार्मिक माणूस, ख्रिस्ती असो वा अन्य कोणी, सर्वांत अधिक घसरतो तो मुद्दा. आज्ञाभंगाने दुःख येते, हे एकदा मनात ठसले की, ज्याच्यावर दुःख आले त्याने आज्ञाभंग केलाच असला पाहिजे, असे उलटे अनुमान काढण्याचा मोह होतो. या अनुमानाला पवित्र शास्त्र स्वतःच आडवे येते. सर्वस्व गमावलेल्या नीतिमान ईयोबाचे मित्र हेच अनुमान मोठ्या पांडित्याने मांडतात आणि अखेर परमेश्वराचा रोष त्यांच्यावरच होतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतर लोकांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न येशूने लूकच्या तेराव्या अध्यायात विचारला आणि त्याचे उत्तरही नाही असेच दिले. त्याच वेळी ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविले. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाकडे बोट करून शिष्य विचारतात, की पाप याचे की याच्या आईबापांचे. दोघांचेही नाही, असे त्यांना उत्तर मिळते. ज्या घरात अपंग मूल जन्मले, ज्या गावात साथ आली, ज्या शेतकऱ्याचे पीक बुडाले, तेथे जाऊन पापाचा हिशेब मागणारा मनुष्य ख्रिस्ती शिकवणुकीचा आधार घेत असेल तर तो ती शिकवण उलटी वाचीत आहे, हे निक्षून सांगितले पाहिजे.

मग आज्ञाभंगाची सर्वांत भयंकर शिक्षा कोणती? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे : ज्यांनी देवाला झिडकारले त्यांना देवाने त्यांच्या वासनांच्या हवाली केले. प्रहार नाही, केवळ हवाली करणे. जे मागितले तेच मिळणे. ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात, सोळाव्या वर्षी थागास्ते गावी मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडावरील नासपती चोरून डुकरांपुढे टाकल्याची हकीकत सांगितली आहे. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती; मनाई होती म्हणूनच गोडी वाटली. एवढ्याशा पोरकट चोरीवर उत्तर आफ्रिकेतील या बिशपाने इतकी पाने का खर्च केली, असे प्रथम वाटते; पण त्याला दाखवायचे हेच होते, की निष्कारण केलेल्या पापातच इच्छेचा बिघाड शुद्ध स्वरूपात दिसतो, आणि विस्कटलेले मन हीच त्या मनाची शिक्षा असते. मूळ पापाच्या उपपत्तीत त्याने या विचाराला पुढे असे वळण दिले, की आदामाचा दोषच सर्व मानवजातीला वारशाने मिळतो; त्याच्या समकालीन पेलाजियसाने याला विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसाच्या मताचा धिक्कार केला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी मात्र दोषाचा वारसा कधी मानला नाही. मर्त्यता आणि दुबळेपणा वारशाने येतात, एवढेच त्या मानतात. यहेज्केलाशी त्यांचे मत अधिक सुसंगत आहे.

या सर्वांवर ख्रिस्ती धर्माचे जे खास उत्तर आहे ते क्रूसाचे. गलतीकरांस लिहिताना पौल अनुवादातील शापांची भाषाच उचलतो आणि म्हणतो, की करारभंगाचा शाप ख्रिस्ताने स्वतःवर घेतला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियों येथील बिशप आयरेनियस याने याच विचाराला सुंदर रूप दिले : एका झाडापाशी झालेला आज्ञाभंग दुसऱ्या झाडावरील आज्ञापालनाने भरून निघाला, आदामाने जी वाट चुकविली ती ख्रिस्त पुन्हा पहिल्यापासून चालला. परंतु यामुळे मनुष्याची जबाबदारी संपली, असा अर्थ कोणत्याही प्रमुख परंपरेने लावलेला नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या वर्णनात ज्यांना दूर केले जाते त्यांच्यावर खून-चोरीचा आरोपच नाही. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, बंदिवानाला भेट, हे त्यांनी दिले नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि आपण असे केव्हा केले, हे त्यांना आठवतही नाही.

हा सारा विचार आपल्या भाषेला नवा नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, साष्टी प्रांतात राहिला, आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून व आदामाच्या पतनापासून जुन्या कराराची कथा सांगते. ज्या श्रोत्यांच्या कानांवर कर्मविपाकाच्या कथा पिढ्यानुपिढ्या पडत आल्या होत्या, त्यांच्यापुढे ही कथा ओवीतून ठेवताना स्टीफन्सला दोन विचारांतील भेद जाणवलाच असेल. कर्माचे फळ कर्माला नियमाने चिकटलेले असते, आणि कित्येकांच्या मते त्याला देणारा लागत नाही. ख्रिस्ती विचारात अपराध एका व्यक्तीविरुद्ध होतो, म्हणून ती व्यक्ती त्याची क्षमा करू शकते, आणि जन्मान्तर नसल्यामुळे, अंतिम न्याय सोडल्यास, फळ याच आयुष्यात व याच जगात, पुष्कळदा दुसऱ्यांच्या माथी, येते. भक्तिमार्गातील कृपेचा अनुभव ज्याने संतवाङ्मयातून घेतला आहे त्या मराठी वाचकाला यातील पहिली बाजू समजण्यास अडचण पडू नये. दुसरी बाजू समजण्यास दावीदाचे चरित्रच उपयोगी पडेल.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचे अकरा ते अठरा हे आठ अध्याय एकाच बैठकीत वाचावेत. पंडिता रमाबाईंचे भाषांतर किंवा बायबल सोसायटीचे, जे हाताशी असेल ते चालेल. वाचताना दावीदाकडे तर लक्ष जाईलच. त्याबरोबर यवाबाचे नाव जेथे जेथे येते तेथे एक खूण करीत जावे, आणि राब्बाच्या वेढ्यात त्याच्या हाती पडलेला तो खलिता त्या त्या ठिकाणी आठवावा.